ओघळासकट

रंगाचा ओघळ दिसला की त्याभोवती खडूने गोल करायचा, पार्टला लाल पट्टी लावायची आणि रिजेक्शनच्या ट्रॉलीत टाकायचा. चिंचवडच्या नोकरीत मी शिकलेला हा पहिला धडा. पुढे चिंचवड सुटलं, मिशिगन आलं, कंपन्या बदलल्या, पण पोटापाण्याचं काम तेच राहिलं. एका नगात आणि दुसऱ्या नगात फरक दिसता कामा नये, आणि असलाच तर तो गिऱ्हाइकाआधी आपल्याला दिसला पाहिजे.

आणि इथे, डेट्रॉइटच्या उत्तरेला, आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये सत्तरी कधीच ओलांडलेले एक गृहस्थ शेवरोलेच्या वॉटर पंपावर ओघळ यावा म्हणून रंग मुद्दाम पातळ करत असतात. हात अजून स्थिर आहे, नजर शाबूत आहे. पण पंप उतरवण्याआधी काढलेल्या फोटोत त्याच्या खालच्या कडेला नारिंगी रंगाचा गोठलेला थेंब दिसतो. १९६९ सालचा, इंजिनाच्या कारखान्यातला. तो पुन्हा तिथेच आला पाहिजे. मनासारखा आला नाही की पंप थिनरने पुसायचा आणि पहिल्यापासून सुरुवात.

आमच्या मुली त्यांना आजोबा म्हणतात, तेव्हा इथेही आजोबाच. सगळा जन्म मशीनशॉपमध्ये गेलेला. बोलणं कमी, आणि जे बोलतात त्यात निम्मी मोजमापं. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो टॉर्च धरायला, आणि अजूनही टॉर्चच धरतो. आता कुठे धरायचा ते सांगावं लागत नाही, एवढीच माझी बढती.

गाडी १९६९ ची कॅमेरो झेड-२८, ल मान्स निळ्या रंगाची. मसल कार म्हटलं की मध्यम आकाराच्या गाडीत कोंबलेलं सहा-सात लिटरचं अवाढव्य इंजिन डोळ्यांपुढे येतं. झेड-२८ त्याच घराण्यातली, पण वळण निराळं. ट्रान्स-अ‍ॅम या अमेरिकेतल्या गाड्यांच्या शर्यतींत इंजिनाला ५ लिटरची, म्हणजे ३०५ घन इंचांची मर्यादा होती. शेवरोलेकडे ३२७ चं इंजिन होतं ते त्यात बसत नव्हतं, २८३ चं होतं ते कमी पडत होतं. मग शेवरोलेच्या व्हिन्स पिगिन्स आणि मंडळींनी ४ इंच बोअरच्या, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या सिलिंडरच्या, ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य ओतीव अंगात) २८३ ची ३ इंच स्ट्रोकची, म्हणजे पिस्टन तेवढा वर-खाली नेणारी, क्रँक घातली आणि ३०२ घन इंच जमवले. सामान घरचंच, फक्त जोडणी नवी. कागदावर २९० अश्वशक्ती लिहिली गेली. तो आकडा खरा मानणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. शर्यतीत उतरायचं तर तशीच गाडी दुकानातही विकावी लागे, म्हणून १९६७ साली ६०२ गाड्या निघाल्या. पुढे रॉजर पेन्स्के यांच्या संघातून मार्क डोनोह्यू यांनी १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं शर्यती मारल्या आणि १९६९ च्या मॉडेलच्या २०,३०२ गाड्या बनल्या.

अडचण अशी की झेड-२८ ही वेगळी गाडी नव्हतीच. ऑर्डरच्या फॉर्मवरचा तो एक पर्याय होता. गाडीच्या नंबरवरून एवढंच कळतं की ती कॅमेरो आहे, व्ही-८ आहे, कूपे आहे, आणि कुठल्या वर्षी कुठल्या कारखान्यात बनली. ओहायोतल्या नॉरवुडला बनलेल्या गाड्यांवर डिसेंबर १९६८ पासून बॉडीच्या बिल्ल्यावर एक्स-३३ किंवा एक्स-७७ असा कोड येऊ लागला, तो कामी येतो. कॅलिफोर्नियात बनलेल्या गाड्यांवर तोही नाही. फोर्डवाल्यांचं बरं आहे, १९६७ आणि नंतरच्या गाडीची जन्मकहाणी त्यांना पैसे भरून मार्टी रिपोर्टमध्ये मिळते. पॉन्टियॅकवाल्यांची कागदपत्रंही जपलेली आहेत. शेवरोलेने अमेरिकेत बनवलेल्या गाड्यांची तशी वही नाही. तेव्हा साधी व्ही-८ कॅमेरो घ्यायची, पट्टे रंगवायचे, बिल्ले ठोकायचे आणि झेड-२८ म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने गळ्यात मारायची, हा धंदा इथे जुना आहे.

मग साक्ष काढायची कोणाची, तर इंजिनाची.

पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाच्या, पुढे, अल्टरनेटरच्या आडोशाला ब्लॉकची एक चिंचोळी सपाट जागा आहे. दोन बोटं ठेवली तर झाकून जाईल एवढीच. तिच्यावर पंचने ठोकलेली अक्षरं असतात. समजा तिथे ‘व्ही ०११४ डीझेड’ असेल, तर ‘व्ही’ म्हणजे इंजिन मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यात जोडलं गेलं, ०११४ म्हणजे १४ जानेवारीला, आणि डीझेड म्हणजे झेड-२८ चं ३०२. त्याच जागेवर, किंवा खाली ऑइल फिल्टरजवळ, दुसरा आकडा असतो, १९एन ने सुरू होणारा. १ शेवरोले, ९ म्हणजे १९६९, एन नॉरवुड आणि पुढे गाडीचा अनुक्रमांक. पहिला ठसा इंजिनाच्या कारखान्यातला, दुसरा गाडीच्या कारखान्यातला. दोन गावं, दोन माणसं, दोन पंच. म्हणून दोन्हींच्या अक्षरांचं वळण आणि खोली सारखी नसते. ती फार सारखी दिसली तर जाणकार भुवया उंचावतात.

ब्लॉकच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, साच्यातच उमटलेली ओतकामाची तारीख असते. ‘ए ६ ९’ म्हणजे ६ जानेवारी १९६९. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एल पर्यंत. हेडच्या आत तशीच तारीख, इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्यावर, तशीच. डिस्ट्रिब्युटरच्या पट्टीवर, अल्टरनेटरच्या अंगावर, कार्ब्युरेटरवर आपापली. या सगळ्या तारखांनी क्रमाने यायला हवं. आधी ओतकाम, मग इंजिनाची जोडणी, मग गाडी. ब्लॉक जानेवारीचा आणि डिस्ट्रिब्युटर मार्चचा निघाला, तर गाडी जन्मल्यावर कोणीतरी तो बदलला आहे. जुन्या मंडळींनी पत्रिका मांडून बसावं आणि छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते मोजावं, तसे हे लोक भिंगं घेऊन बॉनेटखाली वाकलेले असतात. आणि पत्रिकेसारखंच इथेही, न जुळलेले गुण जुळवून देणारे महाभाग असतातच.

त्यांच्यामुळे एक बारीक गोष्ट फार मोलाची ठरली. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोच नावाच्या यंत्राने तासला जाई. त्याच्या दात्यांच्या बारीक समांतर रेषा पुढून मागे गेलेल्या त्या सपाट जागेवर राहतात. पुढे कधी इंजिन खोललं आणि मशीनशॉपने ब्लॉकचा माथा घासून सरळ केला की रेषाही जातात आणि नंबरही. मग नवे नंबर ठोकायला कोरी पाटी तयार. हुशार माणूस आधी त्या पाटीवर रेषा ओढून घेतो. त्याहून हुशार माणूस त्या रेषांमधलं अंतर मोजतो. ही शर्यत अजून चालूच आहे.

आपल्याकडे गाडी नावावर करताना चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा आरटीओच्या फायलीला लावायचा, ही पद्धत कित्येकांनी पाहिलेली असेल. आजोबांना मी ती सांगितली तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. आत तसेच ठसे, पातळ कागदावर पेन्सिलीने घेतलेले, कुठल्या कुठल्या शेवरोलेंच्या इंजिनांचे. खालच्या मजकुरात फक्त खरा किंवा शंका. खोटा असं त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही. गाडीच्या मालकाला काय सांगितलं असेल कोण जाणे.

नंबर झाले. पण माझा जीव अडकला तो रंगात.

आज एखादा नीटस मेकॅनिक इंजिन नव्याने बांधतो तेव्हा प्रत्येक भाग स्वच्छ करून वेगवेगळा रंगवतो, मग स्वच्छ गॅस्केट घालून जोडतो. नारिंगी ब्लॉक, नारिंगी हेड आणि मधून गॅस्केटची रेघ, बघत राहावं असं काम. कारखान्यात असं होत नव्हतं. तिथे इंजिन आधी जोडायचं आणि मग आख्खं रंगवायचं. त्यामुळे गॅस्केटच्या कडाही नारिंगी, बोल्टची डोकीही नारिंगी. अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड झाकलेला असे, पण झाकण कुठे नीट बसे, कुठे नाही. म्हणून त्याच्या कडांवर नारिंगी धुरळा. फवारणारा माणूस समोर उभा, तेव्हा समोरून दिसतं ते भरगच्च आणि खाचेत, पाठीमागे, मॅनिफोल्डच्या बुडाशी रंग विरळ होत गेलेला. कुठे कुठे बीड उघडंच. एका इंजिनामागे दुसरं इंजिन येत असतं, वाकून मागे कोण बघतो? मी लाइनवर काम केलं आहे, मला विचारा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यांचं, प्रकरण तर बहारीचं आहे. इंजिन रंगवताना तेही जागेवर बसवलेले असत, म्हणजे त्यांच्यावरही नारिंगी फवारा उडे. हा रंग उष्णता सोसणारा नव्हे. इंजिन तापलं की तो करपून उडून जातो. आता प्रदर्शनात ठेवायची गाडी ‘कारखान्यातून बाहेर पडली तशी’ हवी असेल, तर मॅनिफोल्डवर नारिंगी छटा दिसायला हवी. ती टिकवायची तर इंजिन तापवायचं नाही. तापवायचं नाही म्हणजे चालवायचं नाही. बरोबरपणा जपायचा तर गाडी ट्रेलरवरून न्यायची आणि हाताने ढकलत जागेवर लावायची, इथवर काही जणांची मजल गेलेली आहे. आजोबांचं यावरचं उत्तर मला पटतं. गाडी नॉरवुडच्या लाइनच्या टोकाला सुरू केली जायची, चालवत बाहेर काढली जायची. मग रंग तिथेच थोडा करपला नसेल का? ते मॅनिफोल्ड रंगवतात, इंजिन सुरू करतात, आणि जे उरेल ते उरेल.

शिकागोजवळ रोझमाँटला नोव्हेंबरात मसल कार आणि कॉर्व्हेटचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथल्या गाड्या पाहताना माझी पंचाईत होते. धंद्याने घडवलेली माझी नजर चकचकीत बॉनेट शोधते, आणि सगळ्यात तयारीची माणसं त्यापुढे न थांबता एखाद्या मळकट करड्या मास्टर सिलिंडरपुढे गुडघे टेकून बसलेली असतात. कॉर्व्हेट जपणाऱ्यांची एक जुनी संस्था आहे, १९७४ साली स्थापन झालेली. गाडी कारखान्यातून निघाली त्या स्थितीच्या किती जवळ आहे, यावर तिच्या परीक्षकांचे गुण ठरतात. गाडी कारखान्याहून सुंदर केलीत तरी गुण जातात. अति गुळगुळीत रंग, अति सरळ फटी, ज्या तुकड्याला कारखान्याने कधी पॉलिश पाहू दिलं नाही त्याला केलेलं पॉलिश, हे सगळे दोष. चिंचवडच्या साहेबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला हाफ डे घ्यायला लावला असता.

फुटकळ सामानाची यादी करायला बसलो तर हा लेख संपणार नाही. रेडिएटरच्या होजवर बुरुजासारखा उभा स्क्रू असलेले क्लॅम्प लागतात, शिकागोच्या विटेक कंपनीचे. हार्डवेअरच्या दुकानातले दातेरी पट्टीचे चालत नाहीत. बोल्टच्या डोक्यावर बोल्ट बनवणाऱ्याची अक्षरं हवीत, तीही त्या त्या जागची. स्पार्क प्लगच्या वायरींवर वर्ष आणि तिमाही छापलेली असते. आज त्या नव्या बनवून मिळतात आणि विकणारा आधी विचारतो, कुठली तिमाही देऊ? त्यातला सगळ्यात गमतीदार जिन्नस म्हणजे हवेचा पंप. १९६०च्या दशकाच्या शेवटी धुराचे नियम आले तेव्हा न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्येच जळावं म्हणून तिथे ताजी हवा सोडणारा पंप आणि त्याच्या नळ्या इंजिनावर आल्या. झेड-२८ घेणाऱ्या पोरांनी पहिल्या आठवड्यातच तो लटांबर उपटून कचऱ्यात फेकला. आज तोच पंप, तीच वाकडी नळ्यांची जोडी मिळवताना त्याच वयस्क पोरांच्या तोंडाला फेस येतो.

पण गॅरेजमधला सगळ्यात चांगला दिवस कोणता असं विचारलं, तर तो काही विकत आणण्याचा नव्हता. पन्नास वर्षांचं तेल आणि धूळ मिळून इंजिनाच्या खाली आणि मागे एक काळा थर बसला होता, नखाएवढा जाड. आजोबा त्याला पाण्याचा फवारा लावू देत नाहीत, तारेचा ब्रश तर नाहीच. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, केरोसीन आणि जुने बनियन. काडीने थर हळूहळू सरकवायचा, ओल्या फडक्याने टिपायचा, फोटो काढायचा, पुन्हा काडी. मी टॉर्च धरून उभा. डाव्या हेडच्या टोकाशी, ओतकामात उमटलेल्या दोन वशिंडांच्या ओळखीच्या खुणेखाली, थर सुटला आणि पिवळी रेघ दिसली. आणखी जरा सरकवल्यावर ती खाली वळली, मग वर गेली. मेणाच्या खडूने घाईत ओढलेली बरोबरची खूण. इन्स्पेक्टरने जानेवारी १९६९ मध्ये हेड पास केलं होतं, आणि त्याच्या सहीवर इतकी वर्षं तेल साचत राहिलं म्हणून ती टिकली. नियमित धुतलेल्या गाडीवर अशी खूण सापडत नाही. गाडीची हयगय करणाऱ्यांचे उपकार म्हणायचे.

तशाच खुणा मी हजारोंनी केल्या आहेत. पिवळ्या खडूनेही केल्या आहेत. पाळी संपायला आली की माझी खूणही अशीच आडवी पसरायची.

आता मुख्य भानगड. आजोबांच्या इंजिनाच्या त्या सपाट जागेवर डीझेड नाही. तिथे ‘सीई ९’ आणि पुढे आकडे आहेत.

सीई म्हणजे काउंटर एक्स्चेंज. वॉरंटीत इंजिन गेलं तर डीलरला बदली ब्लॉक यायचा, त्यावर हा ठसा; ९ म्हणजे १९६९. आजोबांनी गाडी सत्तरच्या दशकात पहिल्या मालकाकडून घेतली. तो विशीतला पोरगा होता. ११:१ चं कॉम्प्रेशन, फिरत राहायला आसुसलेलं इंजिन आणि सरळ रस्ता यांचं पुढे जे व्हायचं ते पहिल्याच उन्हाळ्यात झालं. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. डीलरकडे त्याने काय सांगितलं असेल ते सांगायला नको. शर्यत लावली होती असं तर नक्कीच नाही. डीलरने नवा ब्लॉक बसवून दिला. हेड, मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, बाकी सगळं जुन्याच इंजिनाचं. गाडीसोबत वॉरंटीची वही आहे आणि तिच्यात धातूची छोटी पट्टी, गाडीचा आणि मूळ इंजिनाचा नंबर कोरलेली. म्हणजे पट्टी सांगते डीझेड, ब्लॉक सांगतो सीई. दोघेही खरं बोलतात.

बाजार मात्र असल्या खरेपणाला किंमत देत नाही. मूळ इंजिनाच्या गाडीच्या तुलनेत भाव बराच खाली येतो. ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून तासून, घ्यायचा म्हणून आजोबा एका मशीनशॉपमध्ये गेले, तिथल्या माणसाने वहीतली पट्टी पाहिली आणि आवाज खाली आणून विचारलं, माथा घासून देऊ का? रेषा परत येतील, पंच आपल्याकडे आहेत, नंबर तर तुमच्या खिशातच आहे. तुमच्याच गाडीचा तुमचाच नंबर, यात खोटं काय?

आजोबांनी ब्लॉक उचलला आणि घरी आणला. मला प्रसंग सांगितला तो रागावून नव्हे. त्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर सुचत नव्हतं म्हणून. कारण प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. आम्ही काय करत होतो? नव्या रंगाचा जुना ओघळ आणत होतो. नव्या क्लॅम्पवर जुन्या तारखा शोधत होतो. १९६९ ची तिमाही छापलेल्या वायरी याच वर्षी बनल्या होत्या. हे सगळं चालतं आणि नंबर तेवढा चालत नाही, ही रेघ कुठे आणि कोणी ओढली?

मी यावर बराच विचार केला आणि माझं मत आता पक्कं आहे. ओघळ म्हणतो, फ्लिंटला असं रंगवायचे. ते खरंच आहे, कोणीही रंगवून दाखवलं तरी खरंच राहतं. ठोकलेला नंबर म्हणतो, मीच तो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवणारा एक जण उभा राहिला. तोतयाची चाल, बोली, खाणाखुणा कितीही हुबेहूब असल्या तरी १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊंची नक्कल केली म्हणून झाला नाही, भाऊ आहे म्हणाला म्हणून झाला. फुटलेला ब्लॉक १९६९ सालीच भंगारात गेला. त्याच्या नावाने दुसऱ्याने ओ देऊ नये.

वायरींवरच्या छापील तिमाहीबद्दल माझं मन तितकं साफ नाही, तेही सांगून टाकतो. ती तारीख खोटीच आहे. ती वाचून कोणी फसत नाही, विकणारा आणि घेणारा दोघांनाही माहीत असतं, एवढाच तिचा बचाव. पण गाडी दोनदा विकली गेली की माहीत असलेला माणूस मागे पडतो आणि तारीख पुढे जाते. माझ्या हातात असतं तर मी साध्या काळ्या वायरी लावल्या असत्या. आजोबांनी छापील लावल्या आहेत आणि वायरीवर आतल्या बाजूने यंदाचं साल बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे.

ब्लॉक ठेवायचा ठरला तशी नवी फट उघडली, आणि मला वाटतं या सगळ्या उद्योगातली सर्वांत मजेची. कारखान्यात इंजिन कसं रंगवायचे ते आम्हाला पाठ झालं होतं. पण या गाडीतलं इंजिन त्या रूपात एक उन्हाळाही टिकलं नव्हतं. गेली पन्नासहून अधिक वर्षं तिच्यात जे आहे ते डीलरच्या वर्कशॉपमध्ये कोणा मेकॅनिकने जोडलं. मग बरोबर म्हणजे कोणाप्रमाणे बरोबर, फ्लिंटच्या की त्या मेकॅनिकच्या?

उत्तर थराखालीच होतं. हेडवरचा नारिंगी फवाऱ्याचा, सपाट, काळवंडलेला. ब्लॉकवरचा जरा निराळ्या छटेचा, आणि टॉर्च आडवा धरला की त्यात उभ्या रेषा दिसतात. ब्रशने मारलेला. ब्लॉकच्या अंगावर पाणी अडवणाऱ्या पत्र्याच्या गोल टोपणांभोवती ब्रश वळवताना रंग जाड झाला आहे. हेड आणि ब्लॉकच्या मधल्या गॅस्केटच्या कडेवर कुठे रंग चढला आहे, कुठे नुसती राखाडी कड आहे. इनटेकच्या पुढच्या टोकाशी तर त्याने ब्रश अ‍ॅल्युमिनियमवर घसरू दिला आणि बोटाने पुसला. पुसल्याची खूण तशीच आहे. आणि इंजिन माउंटच्या वर, रंगात रुतलेला ब्रशचा एक केस.

परीक्षकांच्या कुठल्याही पुस्तकात या मेकॅनिकचं नाव नाही, त्याच्या ब्रशचं तर नाहीच. प्रदर्शनात असा ब्लॉक नेला तर गुण जाणार, हे आजोबा जाणून आहेत. आधी त्यांनी मानलं नाही. फ्लिंटच्या पद्धतीने सगळं फवारून टाकावं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. रंग आणून ठेवला होता. मी फारसं बोललो नाही. फोटो मोठे करून छापून आणले आणि ब्लॉकशेजारी फळीवर टाचले. काही दिवसांनी फवाऱ्याची बंदूक पुन्हा कपाटात गेलेली दिसली.

ब्लॉक आता दुसऱ्या मशीनशॉपमधून बोअर होऊन आला आहे. कामाच्या चिठ्ठीवर आजोबांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की माथ्याला हात लावू नये, आणि त्या सपाट जागेवर टेप चिकटवून दिली होती. टेप काढली तेव्हा सीई जागेवर, रेषाही जागेवर. केमिकलच्या टाकीत रंग मात्र सगळा गेला. बीड उघडं पडलं, करडं. ते गंजायच्या आत रंगवायला हवं, म्हणून आम्ही शनिवारी ब्रश आणायला गेलो.

मी आपला सवयीने चांगल्यातला चांगला उचलला, मऊ केसांचा, रेषा न उमटवणारा. आजोबांनी तो माझ्या हातातून घेऊन परत टांगला आणि सगळ्यात खालच्या खणात हात घातला. तिथले दांडे रंगहीन लाकडाचे, केस राठ आणि आखूड. एकेक ब्रश काढून ते तळव्यावर घासत, गळलेले केस मोजत आणि पुढचा घेत. दुकानातला मुलगा येऊन अदबीने म्हणाला, हे केस फार सोडतात हो, वरचे घ्या. आजोबा म्हणाले, किती सोडतात तेच बघतोय. मग माझ्याकडे वळून विचारलं, गॅरेजमधलं काम करणारा माणूस दीड इंची वापरेल की दोन इंची? मी दीड म्हणालो, टोपणांभोवती वळवायला सोपा. त्यांना दोन वाटत होता, कारण त्याला दुपारपर्यंत गाडी द्यायची असणार. शेवटी दोन्ही घेतले आणि पैसे कोणी द्यायचे यावर काउंटरवर पुन्हा वाद झाला.